छपरावर एकच माणूस

टण्ण. मग फरशीवर गोल गोल फिरत गेलेला आवाज, आणि टेबलाच्या पायाशी तो थांबल्यावर पुन्हा आधीसारखी शांतता.

रविवारची सकाळ होती. बटण दारातल्या पायरीवर बसून बुटाच्या नाड्यांशी भांडत होती, मी डब्यात पावाचे तुकडे भरत होते, आणि सासऱ्यांचा स्टीलचा पेला टेबलाच्या डाव्या कडेवरून खाली गेला होता.

"हे टेबलच तिरकं आहे," बाबा म्हणाले.

टेबल तिरकं नव्हतं. काचेचे कप एकामागून एक फुटल्यावर मी घरात स्टीलचे पेले आणले होते, आणि तेही आता पोचे पडून म्हातारे दिसायला लागले होते. मी फडकं घेऊन वळले तर बटण माझ्याआधी तिथे पोचलेली. एका पायात बूट, एका पायात नुसता मोजा. तिने पेला उचलला, टेबलाला वळसा घातला आणि तो बाबांच्या उजव्या हाताशी ठेवला. मी ते पाहिलं. घाईतली बाई दिवसभरात कितीतरी गोष्टी पाहते आणि पुढे जाते, तशीच पुढे गेले.

बटण म्हणजे माझी सहा वर्षांची मुलगी. जन्मली तेव्हा वेळेआधीच घाई करून आलेली. तिला पहिल्यांदा हातात घेऊन बाबा म्हणाले होते, "अगं, ही तर शर्टाचं बटण आहे, हरवेल कुठेतरी." कागदावरचं नाव फक्त शाळेत चालतं. तिचे पप्पा मालवाहू जहाजाच्या इंजिनात काम करतात, घरी कमी आणि फोनवर जास्त असतात. त्यामुळे घर म्हणजे आम्ही तिघं.

बाबांनी सगळं आयुष्य बंदरात लाँच चालवली. मोठी जहाजं आत आणणाऱ्या पायलटला भर समुद्रात जाऊन जहाजाच्या शिडीखाली सोडायचं आणि परत आणायचं, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर एक लहानशी मोटारहोडी घेतली. रोज सकाळी त्याच होडीतून ते बटणला खाडीपलीकडच्या शाळेत नेऊन सोडतात. बस आहे, पण ती सगळ्या खाडीला प्रदक्षिणा घालून जाते. मी ज्या औषधांच्या दुकानात काम करते ते शाळेआधी उघडतं. ती होडी होती म्हणून माझी नोकरी होती. सोयीची वस्तू कशी चालते हे आपण विचारत नाही, ती चालतेय तोवर.

आणि महिन्यातून एका रविवारी आम्ही डॉल्फिन मोजायला जायचो.

आमचा गट अगदी घरगुती. त्याच्या प्रमुख बाई समुद्रातल्या प्राण्यांच्या शास्त्रज्ञ. त्यांना आम्ही डॉक्टरबाई म्हणतो, आणि नव्या माणसाला आधीच सांगून ठेवतो की ताप आला तर यांच्याकडे जाऊ नका. बाकी सगळे स्वयंसेवक. कुणी शिक्षिका, कुणी न्हावी, आणि एक पोस्टमन, जो आठवडाभर पायी फिरून रविवारीही बसायला तयार नसतो. भाड्याची बोट ठरलेल्या सरळ रेषेत समुद्रात जाते, ठरलेल्या रेषेत परत येते, आणि वाटेत जो देवमासा, जो डॉल्फिन दिसेल तो नोंदवायचा. किती, कुठल्या दिशेला, किती लांब. या गटात बाबांना कुणी नावाने ओळखत नाही. ते दुर्बीणकाका. इतरांना लाट दिसायची तिथे बाबांना डॉल्फिनच्या पाठीवरचं पातं दिसायचं. पोस्टमन म्हणायचा, "काका, तुमच्या आधी आम्हाला काही दिसावं म्हणून आम्ही तुमच्या चहात झोपेची गोळी टाकणार आहोत." बाबा म्हणायचे, "टाक, झोपेतही मोजीन."

गेल्या वर्षभरात बटणही त्यांच्यासोबत केबिनच्या छपरावर बसायला लागली होती. लाइफ जॅकेट घालून, कठड्याला दोरीने बांधून, त्यांच्या डाव्या हाताशी. आजोबा-नातीचं फार गूळपीठ आहे, असं सगळे म्हणायचे. मलाही बरं वाटायचं. खाली बसून मी चार घटका स्वतःच्या डोळ्यांनी समुद्र बघायचे, कुणी "आई" म्हणून हाक मारत नसताना.

त्या रविवारी धक्क्यावर डॉक्टरबाई हातात ताडपत्री घेऊन उभ्या होत्या.

"आज नवीन पद्धत," त्या म्हणाल्या. "वर छपरावर एक जण, खाली बोटीच्या नाकाशी एक जण. मध्ये ही ताडपत्री. वरच्याने खाली काही कळवायचं नाही, खालच्याने वर बघायचं नाही. हातवारे नाहीत, ओरडणं नाही, 'अरे बापरे' सुद्धा नाही. जे दिसेल ते फक्त आपापल्या वॉकीटॉकीत, हळू आवाजात."

"आणि शिंक आली तर?" पोस्टमनने विचारलं.

"शिंका. आनंदाने शिंकू नका, एवढंच."

"पण कशासाठी हे सगळं?"

"आपल्याला किती दिसतात ते आपण इतकी वर्षं मोजलं. किती निसटतात ते कुठे माहीत आहे? वरच्याला दिसलं आणि खालच्याला नाही, खालच्याला दिसलं आणि वरच्याला नाही, असं जुळवून पाहिलं की जे कुणालाच दिसलं नाही त्याचाही अंदाज बांधता येतो."

"म्हणजे आता आमच्या चुका मोजणार तर!"

"तुमच्या एकट्याच्या नाही हो. डोळा म्हटला की निसटणं आलंच."

"दुर्बिणीतून काय निसटतं ते बघूच आज," बाबा म्हणाले, आणि सगळे हसले. मीही हसले.

बाबा शिडीला हात लावतात तोवर बटण दोन पायऱ्या चढून गेली होती. डॉक्टरबाईंनी तिला काखेत हात घालून अलगद खाली उतरवलं. "तू नाही आज, राणी. छपरावर एकच माणूस."

"ती माणूस कुठे आहे?" बाबा म्हणाले. "ती तर बटण आहे."

"बटणालाही दोन डोळे असतात, काका. चार डोळे झाले की माझं गणित बिघडतं."

बाबांनी शिडीवरचा हात काढला नाही. वरही चढले नाहीत. "राहू दे ना तिला. पोर शेजारी असली की मला बरं वाटतं."

मी चमकून पाहिलं. माझे सासरे 'मला बरं वाटतं' असं वाक्य बोलणाऱ्यांतले नाहीत. ते 'कार्टी डोकं खाते' असं म्हणतात आणि तिच्यासाठी खिशात लिमलेटच्या गोळ्या ठेवतात.

"पण मग आजोबांना—" बटण म्हणाली.

"बटण!"

त्या आवाजात ते तिच्याशी कधी बोलले नव्हते. बटणने दोन्ही ओठ आत ओढून घेतले, पेटीचं झाकण लावल्यासारखे, आणि मुकाट्याने माझ्यामागे केबिनमध्ये आली. बाबा एकटे वर गेले. शिडीच्या शेवटच्या पायरीवर त्यांचा डावा खांदा कठड्यावर आपटला.

मला त्या दिवशी नवीन काम मिळालं होतं. केबिनमध्ये बोटवाल्याशेजारी बसून दोन्ही कानांत दोन वेगळे आवाज ऐकायचे. डाव्या कानात छपरावरचे बाबा, उजव्या कानात नाकाशी बसलेला पोस्टमन. जो जे सांगेल ते समोरच्या टॅबवर टिपायचं. दोघांचं ऐकणारी बोटीवर मी एकटीच. डॉक्टरबाई मागच्या बाजूला पाण्याचं तापमान आणि काय काय मोजत होत्या. दिशा सांगायची आमची रीत घड्याळाची. बोटीचं नाक म्हणजे बारा, उजवा हात तीन, डावा हात नऊ.

सुरुवातीला मजा वाटली. "दोन वाजता, तीन डॉल्फिन," डाव्या कानात बाबा. थोड्या वेळाने उजव्या कानात पोस्टमन, धापा टाकत, "दोन... नाही, अडीच वाजता, डॉल्फिन, तीन, नाही चार!" मी मनात म्हटलं, दुर्बीण ती दुर्बीण.

मग पोस्टमन म्हणाला, "दहा वाजता, दोन." मी डाव्या कानाची वाट पाहिली. काही नाही. निसटलं असेल. डोळा म्हटला की आलंच.

"एक वाजता, एकटा, लांब," बाबा. 

"साडेनऊ, मोठा कळप!" पोस्टमन. मीही खिडकीतून पाहिलं. उड्या मारत चालले होते, पाणी नुसतं उकळत होतं. शेजारचा बोटवाला, जो पैसे घेतल्याशिवाय तोंड उघडत नाही, तोही "वा" म्हणाला. डावा कान गप्प.

मी वॉकीटॉकीचं बटण दाबलं. "बाबा, आवाज येतोय का?"

"येतोय की. का?"

"काही नाही. तपासत होते."

"मला तपासू नकोस, समुद्र तपास," ते म्हणाले, आणि लगेच, "तीन वाजता, दोन, जवळ."

यंत्र ठीक होतं. मी ऐकत राहिले. बारा, एक, दोन, तीन. दोन, तीन, बारा, एक. माझ्या सासऱ्यांच्या घड्याळात नऊ, दहा, अकरा हे आकडेच नव्हते. मध्येच एकदा "अकरा वाजता" आलं तेव्हा माझा जीव भांड्यात पडला, पण तो डॉल्फिन पोहत पुढे बाराला आणि मग एकला गेला, आणि ते त्याच्याबद्दल शेवटपर्यंत बोलत राहिले, जणू काही त्याला हातातून सोडायचंच नव्हतं. मान वळवून बघत असणार, हे मला तेव्हा सुचलं. डॉल्फिन मात्र कुणाची मान वळेपर्यंत थांबत नाही.

टेबल तिरकं नव्हतं. दाराच्या चौकटीला नेहमी डावा खांदा लागायचा. ताटातलं डावीकडचं राहून जायचं आणि मी म्हणायचे, भूक कमी झाली. एकेक आठवायला लागलं, आणि टॅबवर टिपायचं मी विसरले.

बटण माझ्याशेजारी डाव्या खिडकीला नाक लावून उभी होती. केबिनमध्ये आल्यापासून ती तिथून हलली नव्हती. खाऊ नको, पाणी नको. मला वाटलं, रुसली आहे.

तेवढ्यात पाणी फुटलं. फवारा उडाला आणि त्याचा तो खोल, ओला, नळ फुटल्यासारखा आवाज काचेतूनही आत आला. दहा वाजता, इतक्या जवळ की पाठीवरचे जुने ओरखडे दिसले. देवमासा. या किनाऱ्यावर वर्षानुवर्षांत एखादा. पोस्टमन उजव्या कानात ओरडायचं नाही म्हणून कुजबुजत होता आणि कुजबुजताना रडत होता. "व्हेल. दहा वाजता. व्हेल, व्हेल, व्हेल."

डावा कान गप्प.

मी ते गप्प असणं ऐकत होते. काळी पाठ पाण्यावर येत होती, येतच होती, संपत नव्हती, आणि डोक्यावरच्या पत्र्यावर बसलेला माणूस, ज्याने अख्खा जन्म या एका गोष्टीसाठी डोळे ताणले होते, तो दुसरीकडे बघत होता.

टप. टप. टप.

बटण बाकावर चढली होती. पाण्याची बाटली उलटी धरून तिने केबिनच्या छताला ठोकलं होतं. डाव्या कोपऱ्यात, नेमकं, जोर लावून. मग ती खाली उतरली, बाटली जागेवर ठेवली आणि पुन्हा खिडकीशी गेली.

वर पत्रा करकरला. माणूस बसल्या जागी वळल्याचा आवाज. आणि माझ्या डाव्या कानात, अगदी शांतपणे, "दहा वाजता. व्हेल, एक. जवळ." मग थोडं थांबून, वॉकीटॉकीचं बटण दाबलेलंच राहिलं आहे हे विसरून, "आई गं. काय आहे हे."

डॉक्टरबाई मागून धावत आल्या. "दोघांनाही दिसला? वर पण? वा! दोघांची नोंद आहे ना?"

"आहे," मी म्हणाले. आणि टॅबवर वरच्या नोंदीसाठीही बोट टेकवलं.

परतताना आम्ही धक्क्यावरून बाबांच्या मोटारहोडीने घरी निघालो. सगळे त्यांच्या पाठीवर थापा मारत होते. पोस्टमन म्हणाला, "काका, आज मी तुमच्या आधी पाहिला, पैज!" बाबा हसून "बरं बाबा, तू जिंकलास" म्हणाले, आणि ते हसणं मला बघवलं नाही.

बाबा सुकाणूशी बसले. बटण त्यांच्या पुढ्यात, डाव्या अंगाला. मी नाकाशी, त्यांच्याकडे तोंड करून. एरवी मी पुढे पाण्याकडे बघत बसते.

खाडीत शिरल्यावर बटणचा हात बाबांच्या डाव्या गुडघ्यावर गेला. एक टप. मी मागे वळून पाहिलं, लांबवर वाळू वाहून नेणारी सपाट बार्ज येत होती. थोड्या वेळाने दोन टप. जाळ्याच्या काठ्या, जवळ. बाबांनी होडी जराशी उजवीकडे घेतली, सहज, आधीच ठरवल्यासारखी. तीन टप मला बघायचे नव्हते.

मी लेकीकडे बघत राहिले. तिच्या वयाची मुलं होडीत बसली की पाण्यात हात घालतात, पक्ष्यांना हाका मारतात, भूक लागली म्हणून कटकट करतात. माझी पोर पाण्यात हात घालत नव्हती. तिची बारीक मान ताठ, नजर डावीकडे लावलेली, आणि पापणी लवायचीही चोरी. रोज सकाळी ती अशीच शाळेत जात होती. आणि मी दुकानात काउंटरमागे उभी राहून लोकांना सांगत होते, आमचे सासरे आहेत म्हणून बरं, मला काही बघावं लागत नाही.

घरी आल्यावर बटणला मी न्हाणीघरात पाठवलं. पाण्याचा आवाज सुरू झाला तसं विचारलं, "कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"बाबा."

ते खुर्चीत बसले. "कुणी सांगितलं तुला? कार्टीने?"

"ती कशाला सांगेल? तुम्हीच सांगितलंत. सकाळपासून माझ्या कानात बसून."

त्यांनी टेबलावर बोट फिरवलं. "थंडीत डोकं दुखलं होतं एकदा, आठवतं? दोन दिवस पडून होतो. उठलो तर डावी बाजूच नाही. अंधार वगैरे नाही गं. नुसतीच नाही. वर्तमानपत्र अर्धं फाडून ठेवावं तसं."

"आणि कुणाला बोलला नाहीत?"

"बोलून काय? डॉक्टर म्हणणार होडी सोडा."

"मग सोडायची!"

"ओरडू नकोस. पोर ऐकेल."

"पोर! पोरीला सगळं माहीत आहे, मलाच काही माहीत नाही या घरात! सहा वर्षांची आहे ती, बाबा. तिचं लक्ष एकदा उडालं असतं, एकदा तिला शिंक आली असती—"

"आली की शिंक. शिंकताना टप करते ती." त्यांच्या आवाजात अभिमान होता, आणि तो त्यांनाही ऐकू आला असावा, कारण ते थांबले. मग हळू म्हणाले, "मी नाही शिकवलं तिला. तिनेच ओळखलं. एकदा खाडीतला तरंगता बोया अगदी अंगावर आला, तिने गुडघा धरला माझा. तेव्हापासून. मी फक्त म्हटलं, आईला सांगू नकोस, ती घाबरेल."

"घाबरलेच आहे."

"ओरखडा तरी आलाय का होडीला?"

न्हाणीघरात बटण कुठलंतरी गाणं म्हणत होती, शब्द तिचे तिने लावलेले.

"हे बघ," बाबा म्हणाले, "त्याला जहाजावर फोन करून सांगू नकोस. तो तिकडे पाण्यात, इथे काय करणार? आणि डॉक्टरबाईंना तर नाहीच. होडी नको तर नको, पण महिन्यातला एक रविवार... ती मंडळी मला दुर्बीणकाका म्हणतात. माझ्याकडे उरलंय काय दुसरं?"

मी फोन उचलला. तिथेच, त्यांच्यासमोर, डॉक्टरबाईंना लावला. पाठ वळवून किंवा बाहेर जाऊन बोलले असते तर ते चुगली केल्यासारखं झालं असतं.

"ती वरची व्हेलची नोंद खोडा," मी म्हणाले. "वरून दिसला नव्हता. खालून छताला ठोकलं म्हणून कळलं."

"कुणी ठोकलं?"

मी सांगितलं. मग बाकीचंही सांगितलं. "मग वरचा सगळा दिवसच बाजूला ठेवावा लागेल," डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज शास्त्रज्ञाचा नव्हता. "काकांना म्हणावं, केबिनमध्ये बसा. ऐकायला माणूस लागतोच. त्यांच्याइतकं समुद्रातलं—"

"सांगते," मी म्हणाले, आणि फोन ठेवला.

बाबा समोरच्या भिंतीकडे बघत होते. मी जाऊन त्यांच्याशेजारी उभी राहिले आणि होडीच्या किल्लीसाठी हात पुढे केला. ते हलले नाहीत. मला राग आला. असा कसा हट्ट, निदान नाही तरी म्हणावं. मी हात तसाच धरून उभी. आणि मग लक्षात आलं की मी त्यांच्या डावीकडे उभी आहे.

मी खुर्चीला वळसा घातला, सकाळी बटणने टेबलाला घातला होता तसा, आणि उजवीकडून हात पुढे केला. त्यांनी किल्ली दिली. तिला लाकडाचा गोळा बांधलेला होता, पाण्यात पडली तर तरंगावी म्हणून.

"भूक लागली आहे," बटण दारातून म्हणाली. केसांतून पाणी गळत होतं. तिने माझ्या हातातली किल्ली पाहिली, आजोबांकडे पाहिलं, आणि सकाळसारखेच दोन्ही ओठ आत ओढून घेतले.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी दिवे दाखवले, ठिपके दाखवले, आणि म्हणाले की डोळे उत्तम आहेत, जे झालंय ते मेंदूत झालंय, आणि गेलेलं परत येईल असं त्यांना वाटत नाही. आता औषधं लागतील, नाहीतर पुन्हा होऊ शकतं. बाहेर आल्यावर बाबा म्हणाले, "ऐकलंस ना? डोळे उत्तम आहेत." आणि पायरी चुकू नये म्हणून माझा दंड धरला. औषधं मी आमच्याच दुकानातून आणते. मालकांनी मला उशिरा यायची परवानगी दिली, पण चेहऱ्यावरचा कडवटपणा लपवला नाही. ही सवलत किती दिवस टिकेल ते मी विचारलेलं नाही.

बटणच्या पप्पांना मी सांगितलं. तिकडून वाऱ्याचा आणि इंजिनाचा आवाज आला, मग, "मला का नाही कळलं?" मी म्हटलं, "मलाही नव्हतं कळलं. माझ्यामागे रांगेत उभा राहा."

पोस्टमन एकदा घरी आला, पत्र नसताना. बाबांना म्हणाला, "काका, मला दिसतं, पण तुम्ही नसलात की काय दिसलं ते कळत नाही. या ना केबिनमध्ये." बाबांनी त्याला लिमलेटची गोळी दिली आणि त्याच्या बुटांची चौकशी केली. पुढच्या रविवारी आम्ही तिघंही घरीच होतो. बाबा गॅलरीत बसले होते, खुर्ची अशी फिरवून की खाडी सगळी त्यांच्या उजव्या हाताला यावी. होडी खाली दोरीला हलत होती. मी चहा नेऊन दिला, उजवीकडून. त्यांनी घेतला. माझ्याशी ते बोलतात, मीठ कमी आहे, गॅस संपत आला, असं. पूर्वी ते मला काहीच सांगायचे नाहीत आणि तरी मला सगळं सांगितल्यासारखं वाटायचं.

आता मी आणि बटण बसने जातो. लवकर उठावं लागतं. थांबा लांब आहे, आणि वाटेत ती माझ्या डाव्या बाजूने चालते. पहिल्या दिवशी मी तिला रस्त्याच्या आतल्या बाजूला घेतलं, ती फिरून पुन्हा डावीकडे आली. मी सोडून दिलं.

काल चालता चालता तिचा हात माझ्या हातात होता आणि तिची बोटं माझ्या तळव्यावर हलली. एक टप. मी पाहिलं. लांबवर डावीकडून सायकल येत होती.

"बटण, मला दिसतं गं," मी म्हणाले. "मला दोन्हीकडचं दिसतं. तू नको बघूस. तू तुझं काहीही बघ."

"बरं," ती म्हणाली. थोडं चालली. दोन टप. कुत्रा.

बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. खाडीच्या कडेने बस वळली तेव्हा पलीकडच्या काठावर आमची गॅलरी दिसत होती, आणि गॅलरीत एक ठिपका, खुर्चीतला. बटणने काचेवर बोट टेकवलं. ठोकलं नाही, नुसतं टेकवलं.

"आई, मी त्या दिवशी छताला टप टप केलं, म्हणून आजोबांचं छपरावर बसणं गेलं ना?"

मी तिच्या कपाळावरचे केस मागे सारले. बस खड्ड्यातून गेली, ती माझ्यावर आदळली आणि तशीच टेकून राहिली.

"पण टप टप केलं नसतं," ती म्हणाली, "तर त्यांना देवमासा दिसलाच नसता. मग मी काय करायला पाहिजे होतं?"